युरोपातला एक दिवस मुलांच्या हाती

नमस्कार श्रोतेहो. संक्रांत झाली की आपल्या नाशिकमध्ये घराघरांत दोनच विषय असतात. यंदा द्राक्षाला भाव काय मिळणार, आणि मे महिन्यात कुठं जायचं. दुसऱ्या प्रश्नावर हल्ली बऱ्याच घरांत युरोपचं नाव निघतं. कॉलेज रोडच्या, गंगापूर रोडच्या सोसायट्यांतच नाही, पिंपळगाव-निफाडकडच्या वाड्या-वस्त्यांवरही निघतं, आणि मला त्याचा फार आनंद आहे. तुमच्या घरात तेरा ते अठरा वयाची मुलं असतील आणि एका फेरीत दोन-तीन देश बघावेत असं मनात असेल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे.

आधी देशांचा आकडा ठरवा. दहा दिवसांत सात देश अशा जाहिराती आपण बघतो. माझं स्पष्ट मत आहे, मुलांना घेऊन असं जाऊ नका. पॅरिसहून झुरिकला वेगवान रेल्वे साधारण चार तासांत पोचवते, पण सकाळी बॅगा भरायच्या, हॉटेल सोडायचं, स्टेशन गाठायचं, तिकडं उतरून पुन्हा नवं हॉटेल शोधायचं, यात दिवस संपतो. म्हणजे देश बदलला की एक दिवस गेला. दोन आठवडे असतील तर तीन देश. पुन्हा सांगते, दोन आठवडे, तीन देश. एका गावात निदान तीन रात्री मुक्काम हवा. मुलांना दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरची बेकरी ओळखीची वाटायला लागते, तिसऱ्या दिवशी ती एकटी जाऊन पाव घेऊन येतात. प्रवास तिथून सुरू होतो असं मला वाटतं.

महिना म्हणाल तर मे. आपल्या शाळांना तेव्हा सुट्टी, आणि तिकडच्या बहुतेक शाळा सुटतात जुलैच्या सुमाराला. त्यामुळं मेमध्ये गर्दी कमी, राहण्याचे दर कमी, आणि रात्री नवापर्यंत उजेड. आता दहावीचा पेपर संपल्याबरोबर मुलांना अकरावीच्या क्लासला बसवायची जी पद्धत पडली आहे, तिच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. सोळाव्या वर्षीचा मे महिना आयुष्यात एकदाच येतो. क्लासवाल्यांनी तो मागितला तरी देऊ नका. असो, मुद्द्यावर येते.

आज मला मुख्य गोष्ट सांगायची आहे ती ही. प्रत्येक मुलाला एक अख्खा दिवस द्या. त्या दिवशी कुठं जायचं, कुठल्या गाडीनं, कुठं जेवायचं, किती पैसे खर्च करायचे, सगळं त्या मुलानं ठरवायचं. मोठ्यांनी फक्त मागून चालायचं. हे तिथं पोचल्यावर नाही, इथं नाशिकमध्ये, जानेवारी-फेब्रुवारीतच सांगायचं, म्हणजे त्याची तयारी दोन-तीन महिने चालते.

आमच्याबरोबर माझी लेक होती, वय पंधरा, आणि पुतण्या, वय सतरा. पुतण्यानं त्याचा दिवस जिनिव्हाजवळच्या सर्नला, म्हणजे अणूच्या आतल्या कणांचा अभ्यास करणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळेला दिला. जिनिव्हाच्या मुख्य स्टेशनासमोरून अठरा नंबरची ट्राम थेट सर्नच्या दारात जाते. तिथं 2023 साली विज्ञानाचं नवं प्रदर्शन सुरू झालंय, प्रवेश फुकट, सोमवारी बंद. जमिनीखाली शंभर मीटरवर, कण एकमेकांवर आदळवायच्या यंत्राचं 27 किलोमीटरचं गोल कडं आहे, म्हणजे आपण नाशिकहून त्र्यंबकला जातो जवळपास तेवढ्या लांबीचं, आणि त्याचा काही भाग स्वित्झर्लंडमध्ये, बाकीचा फ्रान्समध्ये. आवारात भारतानं 2004 मध्ये भेट दिलेला दोन मीटर उंच नटराज आहे. पोरगं तिथून हलेना.

आणि लेकीनं काय निवडलं? रॉटरडॅम.

आम्ही सगळे तिच्याकडं बघत राहिलो. हॉलंडला जाणारी माणसं अ‍ॅमस्टरडॅम बघतात, ट्युलिपची बाग बघतात. रॉटरडॅमला आहे काय? तर बंदर. युरोपातलं सगळ्यात मोठं बंदर, समुद्रापर्यंत सुमारे 40 किलोमीटर पसरलेलं. पण आमच्या माहेरी त्या गावाचं नाव कुणी घेत नसे, आणि लेकीनं ते लहानपणापासून टिपलेलं होतं.

माझा भाऊ पिंपळगावला द्राक्षबागायतदार आहे. 2010 सालचा हंगाम आपल्या जिल्ह्यातला कुठलाही निर्यातीचा बागायतदार विसरलेला नाही. सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, वेलीची वाढ आवरायला वापरतात ते औषध. त्याचे अंश मालात सापडले आणि आपले कंटेनर युरोपात अडकून पडले. इथं ज्या औषधांच्या तपासण्या करून माल पाठवत होते, त्या यादीत हे नावच नव्हतं. भावाचाही माल त्यात होता. रॉटरडॅमला कंटेनर उभा आहे, एवढाच निरोप यायचा. पैसे आले नाहीत. लेक तेव्हा पाळण्यात होती. पण मोठी होताना आजोळी हे बोलणं अर्धवट ऐकत आली, आणि तिच्या मनात एक प्रश्न राहिला, की मामाचा माल जिथं अडकला ती जागा दिसते तरी कशी?

मग तिनं तयारी केली. अ‍ॅमस्टरडॅमहून रॉटरडॅमला वेगवान गाडीनं पाऊण तास पुरतो हे तिनं शोधलं. तिकडं गाडीत चढण्याआधी आणि उतरल्यावर स्टेशनातल्या यंत्राला बँकेचं कार्ड टेकवलं की भाडं कापलं जातं, पण एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, माणशी वेगळं कार्ड लागतं, हेही तिनंच शोधलं. म्हणून निघायच्या आधी आम्ही चौघांची चार कार्डं केली. दिवसाचं बजेट तिनं वहीत लिहिलं आणि त्यातून जेवणाचे पैसे कापून बोटीला लावले. दुपारी पोळीचा रोल आणि लोणचं, इथून नेलेलं.

त्या दिवशी ती पुढं आणि आम्ही तिघं मागं. एरवी सकाळी तीनदा हाका मारल्याशिवाय न उठणारी मुलगी साडेसहाला बूट घालून दारात उभी. इरास्मस पुलाजवळून बंदराची फेरी मारणारी बोट सुटते, सव्वा तासाची. बोटीवर वारा एवढा की बोललेलं ऐकू येत नव्हतं. काठानं कंटेनरच्या थप्प्या, लाल, निळ्या, हिरव्या, चार-चार, पाच-पाच मजली. ती कठड्याला धरून उभी होती आणि काही कंटेनरच्या अंगावर थंडीची यंत्रं बसवलेली असतात, ती मला दाखवत होती. ‘आई, हे रीफर. फळांचे हेच.’ मला हा शब्दही माहीत नव्हता. तिनं मामाच्या पॅकहाऊसमध्ये उभं राहून ऐकलेला होता.

बोटीतून उतरल्यावर ती आम्हाला एका साध्या किराणा-भाजीच्या सुपरमार्केटमध्ये घेऊन गेली. फळांच्या रांगेत सरळ द्राक्षांपुढं. एकेक डबा उचलून मागचं बारीक अक्षर वाचू लागली. युरोपात ताज्या फळावर मूळ देशाचं नाव छापावंच लागतं. दक्षिण आफ्रिका, पुन्हा दक्षिण आफ्रिका, आणि मग खालच्या ओळीत पांढऱ्या द्राक्षांचा अर्ध्या किलोचा डबा, त्यावर लिहिलेलं, इंडिया. हंगामाच्या शेवटचा माल असणार.

तिनं तिथल्या तिथं मामाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं दुपारचा एक, म्हणजे पिंपळगावला साडेचार. भाऊ बागेतच होता, माल निघाल्यानंतरची खरड छाटणी होऊन महिना झालेला, मागं कोवळ्या फुटी दिसत होत्या. लेकीनं डबा कॅमेऱ्यापुढं धरला. भाऊ काय म्हणाला असेल? ‘कशी आहेस’ नाही, ‘कुठं आहेस’ नाही.

‘देठ दाखव.’

तिनं डबा वाकडा केला. ‘हिरवा आहे मामा. टोकाला जरा तपकिरी झालाय.’

‘आणि मण्यावरची लव? पुसली गेलीय का?’

‘नाही, आहे. सगळ्या मण्यांवर आहे.’

‘म्हणजे थंडी नीट मिळाली. महिनाभर पाण्यावर राहून देठ हिरवा, म्हणजे ज्यानं पॅक केला त्यानं चांगला केलाय.’ मग त्यानं भाव विचारला, रुपयात हिशेब केला, आणि मोठ्यानं हाक मारली, ‘अगं इकडं ये, पोरगी रॉटरडॅममध्ये आहे, रॉटरडॅम बघ!’ वहिनी धावत आली. पंधरा वर्षांत भावाच्या तोंडून त्या गावाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर अर्धा तास त्यानं लेकीकडून बंदर कसं दिसतं ते विचारून घेतलं. क्रेन किती, कंटेनर उतरल्यावर ट्रकवर जातात की रेल्वेवर, शीतगृह कुठं. तिला सगळ्याची उत्तरं येत नव्हती. तिनं वहीत प्रश्न लिहून घेतले आणि रात्री हॉटेलवर बसून शोधत राहिली.

हे कुठल्याही सहल कंपनीच्या कागदावर आलं नसतं. म्हणून म्हणते, दिवस मुलांना द्या. तुमच्या मुलाला फुटबॉलचं मैदान बघायचं असेल, कुणाला नुसतं ट्राममध्ये बसून गाव फिरायचं असेल. जाऊ द्या, आणि बरोबर जा.

एक गोष्ट जाता जाता. झुरिक आणि बाझलला उन्हाळ्यात माणसं ऑफिस सुटलं की गावातल्या नदीत पोहतात. त्या गावांनी आपल्या नद्या स्वच्छ करून घेतल्या आहेत. मुलांना ते सांगा. आपल्या गोदेसाठी आवाज उठवणारी पिढी अशीच तयार होईल.

आता कागदपत्रं. वेळ थोडा उरलाय, भराभर सांगते. हॉलंड, फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, जर्मनी या सगळ्यांना मिळून एकच शेंगेन व्हिसा. इंग्लंडचा वेगळा. ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडं अर्ज करायचा, रात्री सारख्या असतील तर जिथं पहिलं पाऊल ठेवणार त्या देशाकडं. अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेला जायचं तर आत्ताच हालचाल करा, मार्चमध्ये मुंबईतल्या केंद्राच्या वेळा मिळत नाहीत. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांनाही बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, म्हणजे पंचवटी एक्स्प्रेसनं सगळ्यांनीच मुंबई गाठायची. बारा वर्षांपुढं सगळ्यांना फी 90 युरो. प्रवास विमा निदान 30,000 युरोचा हवा.

मूल अठराच्या आतलं असेल तर अर्जावर आई आणि वडील दोघांच्या सह्या लागतात. भाचे-पुतणे बरोबर असतील तर त्यांच्या आई-वडिलांचं नोटरी केलेलं संमतीपत्र घ्या. आम्ही दीर-जावेचं घेतलं होतं. शाळेचं पत्र आणि जन्मदाखला जोडा, आणि दाखल्यावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळतंय ना बघा.

वयाच्या सवलती सोडू नका. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात अठराच्या आतल्या मुलांना प्रवेश फुकट, मंगळवारी ते बंद असतं. स्वित्झर्लंडमध्ये आई किंवा वडिलांपैकी कुणाकडं स्विस ट्रॅव्हल पास असला, तर सहा ते पंधरा वर्षांचं त्यांचं मूल फॅमिली कार्डावर फुकट फिरतं, सोळा पूर्ण झाली की तिकीट. अ‍ॅमस्टरडॅमला अ‍ॅन फ्रँकचं घर बघायचं असेल, आणि या वयाच्या मुलांनी ते बघावंच, तर तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं आणि सहा आठवडे आधी दर मंगळवारी खुलं होतं. हे काम मुलांवर सोपवा, त्यांची बोटं आपल्यापेक्षा जलद चालतात.

आणि शेवटचं. मुलांचा पासपोर्ट बहुतेक वेळा पाच वर्षांचाच असतो. परतीच्या तारखेनंतर तो निदान तीन महिने चालायला हवा, आणि आत दोन पानं कोरी हवीत. आज रात्री जेवण झालं की कपाटातून पासपोर्ट काढा आणि तारीख बघा. मुदत संपत आली असेल तर व्हिसाचं नंतर, आधी पासपोर्ट नवा करून घ्या. नमस्कार.