पाणी कोण भरतं?

नमस्कार, श्रोतेहो. गोष्टीची किंवा नाटकाची पहिली पानं मला वाचून दाखवायला बरीच मंडळी येतात. बहुतेकांच्या पहिल्या प्रवेशात माणसं समोर येतात आणि स्वतःची माहिती देऊ लागतात. ‘दादा, बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस.’ सख्खा भाऊ भावाला हे कशाला सांगेल? दोघांनाही ते ठाऊकच आहे.

हे वाक्य माझं आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका हौशी मंडळासाठी मी नाटक लिहिलं होतं. नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा, अबोला धरलेले दोन भाऊ, मधे आई. मे महिन्यातल्या तालमी, कूलरसमोर बसूनही घाम. नेपथ्य करणारे काका मूळचे सुतार. कानाला पेन्सिल, हातात टेप. मोजमाप घेता घेता विचारते झाले, “ताई, माठ कुठी ठेवू जी?”

मी म्हटलं, “ठेवा कुठेही.”

“कुठीबी कसा ठेवू? पानी कोन भरते या घरी?”

मी म्हटलं, आई भरते.

“मोठी सून हाय ना घरात? थे काऊन नाही भरत? अन् भाऊ-भाऊ बोलत नाही म्हनता, तं एकाच माठातलं पानी पेतेत का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाळीस पानं लिहून झाली होती आणि त्या घरात पाणी कोण भरतं हे मला माहीत नव्हतं. त्या रात्री पहिली आठ पानं काढून टाकली.

नवा पडदा असा उघडला. पहाट. ओसरीवर एक माठ, स्वयंपाकघराच्या दाराशी दुसरा. आई नळावरून बादली आणते, फडक्यातून पाणी गाळते. एक तांब्या या माठात, एक त्या माठात. अगदी मोजून. धाकटा झोपेतून उठून येतो, हात ओसरीवरच्या माठाकडे जातो, तिथेच थांबतो, आणि तो दुसऱ्या माठाकडे वळतो. अजून कुणी चकार शब्द बोललेलं नाही. पहिल्या प्रयोगाला तिसऱ्या रांगेतून एका बाईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला, “वेगळे निघाले वाटते.”

माठावरून आठवलं. माठ ओल्या रेतीवरच ठेवावा. आपल्या उन्हाळ्यात फ्रिजच्या पाण्याने घसा गार होतो, पण तहान जात नाही, हे माझं ठाम मत आहे. आणि दुसरं, काकांची बोली मी तशीच आईच्या तोंडी दिली. महालातली आई ‘मी येऊन राहिली’ म्हणते. तिला ‘मी येते आहे’ म्हणायला लावलं की वाडा महालातला राहत नाही. विदर्भातल्या लेखकांनी ही भीड सोडावी, असं मला फार मनापासून वाटतं.

तर, पाणी कोण भरतं? सुरुवात लिहिताना आधी हे शोधा. घरात कोण आधी उठतं, किल्ल्या कुणाच्या कमरेला, कुणाचं ताट झाकून ठेवतात. आणि जे दाखवाल ते पुढे कामाला येऊ द्या. आमच्या तिसऱ्या अंकात धाकट्याचा माठ फुटायचा. पहिल्या अंकात मोजलेला तांब्या प्रेक्षकांच्या लक्षात असायचा, म्हणून तो आवाज सगळ्यांना लागायचा.

वेळ संपत आली, पण सुरुवातींबद्दल बोलताना रामटेकला विसरून चालणार नाही. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे मत नागपूरचे संस्कृत पंडित वा. वि. मिराशींनी आग्रहाने मांडलं. त्या काव्याचा पहिला श्लोक पाहा. सतरा अक्षरांच्या 4 ओळी, एकूण 68 अक्षरं. तेवढ्यात कामात चुकलेला एक यक्ष, धन्याचा शाप, वर्षभराची ताटातूट, आश्रमांवरची दाट सावली, आणि पाणीसुद्धा! सीतेच्या स्नानाने पवित्र झालेलं. यक्षाचं नाव मात्र नाही. दुसऱ्या श्लोकात त्याचे काही महिने सरलेत. तो विरहाने वाळलाय, असं कालिदास सरळ म्हणत नाही. हातातलं सोन्याचं कडं गळून मनगट रितं झालंय, एवढंच सांगतो. आणि मग आषाढातला ढग दिसतो.

नमस्कार.