कुलपाला किती गुण द्यायचे?

श्रोतेहो, नमस्कार.

न्यूझीलंडमध्ये १९९२ साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा आला. नुसती बौद्धिक अक्षमता आहे म्हणून कुणाला सक्तीने इस्पितळात ठेवायचं नाही, असं त्यात ठरलं. योग्यच होतं. पण अशा माणसाच्या हातून गुन्हा घडला तर? ती वाट काढायला २००३चा कायदा यावा लागला; १ सप्टेंबर २००४पासून तो लागू झाला. आपला २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही बौद्धिक अक्षमतेला मानसिक आजारात धरत नाही, तेव्हा हा प्रश्न अगदीच परका समजू नका.

न्यूझीलंडमध्ये गुन्हा घडलेल्या अशा माणसासाठी न्यायालय एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षं सक्तीच्या देखभालीचा आदेश देतं. कुणी कडेकोट बंदोबस्तात राहतो, कुणी वस्तीतल्या साध्या घरात, कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली.

आता असं घर नीट चाललंय की नाही, हे कसं ठरवणार? पुन्हा गुन्हा घडला नाही, एवढं पाहून पुष्कळांचं समाधान होतं. माझं होत नाही. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या कायम कुलपात असतील, तर सुरी उगारली जाणारच नाही. त्यात शिकवणुकीचं श्रेय किती आणि कुलपाचं किती?

घटनांची नोंदवहीसुद्धा फसवते. समजा, एका घरात महिन्याला वीस नोंदी आणि दुसऱ्यात दोनच. त्या दुसऱ्या घरात कुणी लिहायचीच तसदी घेत नसेल!

मग राहणाऱ्यालाच विचारावं. तेही वाटतं तितकं सोपं नाही. "इथं बरं वाटतं का?" "हो." "इथून जावंसं वाटतं का?" तरीही "हो." आयुष्यभर मोठ्यांच्या बोलण्याला मान डोलावत आलेल्या माणसाकडून हेच येणार. म्हणून जाणते तपासनीस चित्रं पुढे ठेवतात, प्रश्न उलटवून विचारतात, आणि त्या वेळी कर्मचाऱ्याला खोलीबाहेर थांबायला सांगतात.

सगळ्यात अवघड गोष्ट मुदतीची. तीन वर्षं संपली की कौटुंबिक न्यायालय आदेश वाढवू शकतं, पुन्हा वाढवू शकतं. त्याच गुन्ह्याला तुरुंगात जेवढी वर्षं गेली असती, त्याहून जास्त वर्षं इथे जाऊ शकतात. त्यामुळे मी तपासणीला गेले, तर मुदतवाढीचे अर्ज आधी मागवीन. "धोका अजून आहे" हे प्रत्येकात असेलच. तो कमी व्हावा म्हणून मधल्या काळात घराने काय शिकवलं, कुणी शिकवलं, हे किती अर्जांत लिहिलंय, ते मोजीन.