लस घेतलेलेच जास्त आजारी कसे?

श्रोतेहो, नमस्कार. वसतिगृहात, बराकीत किंवा निवारा केंद्रात साथ आली की हमखास कानावर येतं, "आजारी पडलेल्यांत लस घेतलेलेच जास्त आहेत, मग लसीचा उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. तेव्हा जरा हिशेबच मांडू.

समजा, एका वसतिगृहात २०० जण राहतात. त्यातल्या १९० जणांनी लस घेतली आहे, १० जणांनी नाही. साथीत लस घेतलेले १९ आणि न घेतलेले ५ आजारी पडले. नुसती डोकी मोजली तर १९ मोठा आकडा. पण लस घेतलेल्यांत दहातला एक आजारी पडला आणि न घेतलेल्यांत दोनातला एक. म्हणजे लसीने धोका ८० टक्क्यांनी कमी केला. साथीच्या बातमीत फक्त रुग्णसंख्या दिली असेल, तर "कितींपैकी?" असं जरूर विचारा.

आता गर्दीचं. खाटेला खाट लागलेली, खोली बंद, पाण्याची बाटली सामायिक. अशा ठिकाणी विषाणूशी गाठ एकदा पडून भागत नाही, रात्रंदिवस पडते. गालगुंडाच्या लसीचे दोन डोस साधारण ८८ टक्के संरक्षण देतात, तेही वर्षांगणिक ओसरतं. गोवराला हेच प्रमाण ९७ टक्के आहे. म्हणूनच दोन्ही डोस घेतलेल्या विद्यार्थ्यांमध्येही गालगुंडाच्या साथी येतात. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात २०१५-१६ मध्ये अशीच साथ आली, तेव्हा विद्यार्थ्यांना तिसरा डोस दिला गेला. तो घेतलेल्यांत हजारी ६.७ जणांना लागण झाली, दोनच डोस घेतलेल्यांत १४.५ जणांना. लसीला नावं ठेवण्याआधी हे आकडे पाहावेत, असं मला कळकळीने वाटतं.

वेळही महत्त्वाची. गोवराच्या रुग्णाशी संपर्क आल्यावर ७२ तासांच्या आत लस घेतली तर आजार टळू शकतो. गालगुंडात मात्र लागण होऊन गेली असेल तर नंतरचा डोस ती थोपवत नाही, पुढच्या संपर्कापासून वाचवतो. शिवाय गाल सुजण्याच्या आधीच रुग्ण विषाणू पसरवू लागतो. म्हणून सूज आल्यापासून पाच दिवस त्याला वेगळी खोली द्या.

आणि व्यवस्थापकांनो, कोणी कोणता डोस कधी घेतला याची यादी प्रवेशाच्या वेळीच करून ठेवा. साथ सुरू झाल्यावर जुनी कार्डं शोधण्यात ते ७२ तास निघून जातात. गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेले रुग्ण यांना गोवर-गालगुंडाची ही जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची लस देता येत नाही. त्यांची नावं त्याच यादीत वेगळी लिहा, म्हणजे पहिला रुग्ण सापडताच त्यांना लगेच दुसरीकडे हलवता येईल.