टेम्पोच्या दोन पावत्या

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या वैशाखात आमच्या वाडीतले दोन सख्खे भाऊ माझ्या पडवीत येऊन बसले. देवगडकडची माणसं. कलमं वाटून घेतलेली, त्यामुळे आंबाही वेगवेगळा जातो. दोघांच्या हातात एकाच टेम्पोवाल्याच्या पावत्या. थोरल्याच्या १० पेट्या, भाडं १२०० रुपये. धाकट्याच्या २५ पेट्या, भाडं १८००. थोरला घरूनच हिशेब करून आला होता : मला पेटीमागे १२० पडले, ह्याला ७२.

"मास्तरांनु, टेम्पोवालो माका फसयता!"

पावती उलटी करून मी दोन रेघा ओढल्या. आडवी पेट्यांची, उभी रुपयांची. दोन पावत्यांचे दोन ठिपके, आणि त्यांतून जाणारी एक तिरकी रेघ. म्हटलं, आता फक्त फरक बघ. पेट्या १५ नं वाढल्या, भाडं ६०० नं वाढलं. सहाशेला पंधरानं भाग. ४०. पेटीमागचा खरा दर हा. दहावीच्या पुस्तकात यालाच रेषेचा चढ म्हणतात.

मग १० पेट्यांचे ४०० झाले. वरचे ८०० कसले? तिरकी रेघ मागं मागं नेली, तर पेट्या शून्य असतानाही ती उभ्या अक्षाला ८०० वर छेदते. म्हणजे गाडी दारात उभी राहिली की ८०० झाले, मग तुम्ही एक पेटी चढवा नाहीतर पन्नास. हा इंटरसेप्ट, म्हणजे रेघ उभ्या अक्षाला जिथं छेदते तो छेद. पेट्यांना एक्स म्हणा, भाड्याला वाय. समीकरण झालं : वाय बरोबर ४० एक्स अधिक ८००. एक्सला गुणणारा आकडा म्हणजे चढ, सुटा राहिलेला आकडा म्हणजे छेद.

चढ आपल्याला काही नवा नाही म्हणा. कोकण रेल्वेचा मार्ग दीडशेला एक या चढानं आखला. १५० मीटर पुढे गेल्यावर रूळ जेमतेम १ मीटर वर. बोरघाटात तेच ३७ ला एक, जवळजवळ चौपट. इतका सौम्य चढ सांभाळायचा तर डोंगर पोखरावेच लागतात. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. उलट चैत्रात विहिरीचं पाणी खाली खाली जातं, तिथं चढ ऋण. आणि विहिरीची उभी भिंत? तिथं पुढे सरकणंच शून्य, शून्यानं भागता येत नाही, म्हणून तिचा चढ सांगताच येत नाही.

परीक्षेत मुलं फसतात ती वेगळ्याच ठिकाणी. कागद असेल तर लिहून घ्या : ३ एक्स अधिक २ वाय बरोबर १२. चढ किती? अर्धा वर्ग ओरडतो, "तीन!" अरे, आधी वायला एकटं तर करा. ३ एक्स पलीकडे नेलं की उणे होतं, मग सगळ्याला २ नं भागायचं. वाय बरोबर उणे दीड एक्स अधिक ६. चढ उणे दीड, छेद ६. पटत नसेल तर एक्सच्या जागी शून्य ठेवून बघा, वाय ६ च येतो.

तर ते दोघे भाऊ. धाकटा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, दोघांच्या मिळून ३५ पेट्या एकाच गाडीत घातल्या तर? मी हिशेब केला : १४०० अधिक ८००, म्हणजे २२००. वेगवेगळे गेले तेव्हा ३००० गेले होते. वाचले ते बरोबर ८००.

यंदा आंबा एकाच टेम्पोतून गेला. पावतीवर आधी नाव कुणाचं घालायचं, यावर मात्र अजून बोलणी चालू आहेत.