थट्टेचे शब्द, गंभीर चाल

श्रोतेहो, नमस्कार.

मे १८७८ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर ‘एचएमएस पिनाफोर’ ही संगीतिका आली. पदे विल्यम गिल्बर्ट यांची, संगीत आर्थर सलिव्हन यांचे. तिच्यातील आरमारमंत्री सर जोसेफ पोर्टर आपण या पदावर कसे पोहोचलो, हे खलाशांना गाऊन सांगतात. वकिलाच्या कचेरीत पोऱ्या म्हणून लागलो, खिडक्या पुसल्या, झाडलोट केली आणि दाराची मूठ अशी मन लावून घासली, की आज राणीच्या आरमाराचा अधिपती आहे! पुढे पार्लमेंटात पोहोचल्यावर पक्ष सांगेल तिकडे मत दिले. स्वतः विचार करण्याच्या फंदात पडलो नाही. आदल्याच वर्षी आरमाराचा अनुभव नसलेले पुस्तकविक्रेते डब्ल्यू. एच. स्मिथ हे प्रत्यक्षात आरमारमंत्री झाले होते, त्यामुळे रोख कोणावर आहे हे प्रेक्षकांनी लगेच ताडले.

स्मिथसाहेब आज कोणाच्या लक्षात नाहीत, तरीही हे पद हसवते, आणि माझ्या मते त्याचे मोठे श्रेय सलिव्हन यांच्याकडे जाते. लाइपझिगला शिकलेला, चर्चसाठी स्तोत्रांच्या चाली बांधणारा हा संगीतकार थट्टेच्या शब्दांनाही गंभीरपणेच चाल लावी. गिल्बर्ट यांचे पद हाती आले, की ते आधी त्याची लय पक्की करीत आणि मगच सुरांकडे वळत. म्हणून भरधाव पदातही शब्द सहसा सुरांखाली दबत नाही. सर जोसेफ यांचे प्रत्येक कडवे संपताच खलाशांचा कोरस त्यांच्या शेवटच्या ओळी भक्तिभावाने उचलून धरतो. संगीत कुठेही डोळा मिचकावत नाही, आणि नेमके म्हणूनच आपल्याला हसू आवरत नाही.

याच जोडीच्या ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ या संगीतिकेतला मेजर जनरल तर एका दमात आपली सारी विद्वत्ता ऐकवतो आणि शेवटी कबूल करतो, की युद्धशास्त्र सोडून बाकी सगळे आपल्याला येते. हे पद म्हणणाऱ्या नटाची जीभ जराशी अडखळली, तरी सगळा डोलारा कोसळतो.

त्यांच्याच १८८५ च्या ‘द मिकाडो’मध्ये मूळचा शिंपी असलेला को-को मुख्य जल्लाद होतो आणि ज्यांच्यावाचून कोणाचे काही अडणार नाही, अशा माणसांची यादी गातो. या यादीत नट आपापल्या काळातील पुढारी आणि उपद्रवी मंडळी घालत आले आहेत. त्यामुळे यंदा कोणाचा नंबर लागणार, याची प्रेक्षकांना पडदा उघडण्याआधीपासूनच उत्सुकता असते.