धर, सोडू नको!

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यातली एक शनिवारची रात्र. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घराचं दार शेजारच्या काकूंनी वाजवलं. आत जोराचं भांडण जुंपलंय असं त्यांना वाटलं होतं. आम्ही तिघं तीन लॅपटॉप मांडून बसलो होतो आणि जीव खाऊन ओरडत होतो, ‘धर! अगं धर की, सोडू नको, मी अजून खाली लोंबकळतोय!’ चौथा मित्र पुण्याहून फोनवर आमच्याहून मोठ्यानं ओरडत होता. काकू बसल्या, चहा झाला. उठताना त्यांनी विचारलं, ‘तो पांढरा पोचला काय गं वर?’

त्या पांढऱ्या माणसाबद्दल आज मला तुमच्याशी बोलायचं आहे.

‘ह्यूमन फॉल फ्लॅट’ हा एक व्हिडिओ गेम आहे. लिथुआनियातल्या टोमास सकालाउस्कास यांनी तो घडवला आणि जुलै 2016 मध्ये तो बाजारात आला. पुढच्या वर्षी त्यात इंटरनेटवरून आठ जणांनी एकत्र खेळायची सोय झाली. गेममध्ये एक माणूस आहे, तांदळाच्या उकडीचा केल्यासारखा पांढरा, मऊ, बिनचेहऱ्याचा. ढगांतून तो पडतो, खाली कुठेतरी आपटतो आणि उठून उभा राहतो. समोर दारं, खोके, फळ्या, दोर, चाकं, बटणं असतात. त्यांतून वाट काढून बाहेर पडायचं. शत्रू नाही, बंदूक नाही, गुण नाहीत, घड्याळही नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे मला पहिल्यांदा भावलं ते या माणसाचं चालणं. बऱ्याच गेममध्ये माणसाचं चालणं, उडी मारणं आधी तयार करून ठेवलेलं असतं. आपण बटण दाबलं की तेच चित्र फिरतं. इथे मात्र डोकं, धड, दंड, मांड्या हे वेगवेगळे तुकडे सांध्यांनी जोडलेले असतात. प्रत्येकाला वजन आहे. कोणता तुकडा कुणीकडे ओढला जातोय, कशाला अडतोय याचा हिशेब सेकंदाला कित्येकदा होतो. चिंध्यांच्या बाहुलीला जरा ताठपणा दिला तर ती जशी चालेल, तसा हा झुलत, अडखळत चालतो. तो कसा पडेल ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. वजन, वेग आणि घर्षण मिळून त्याचं पडणं ठरवतात, म्हणून दोनदा एकसारखं पडणं जवळजवळ होतच नाही.

त्याचे दोन हात आपल्या दोन बोटांवर असतात. माउसचं डावं बटण म्हणजे डावा हात, उजवं म्हणजे उजवा. बटण दाबून धरलं की हात पुढे येतो आणि ज्याला लागेल त्याला चिकटतो. हात वर न्यायचा तर नजर वर न्यायची. भिंतीवर चढायचं असेल तर वर बघून दोन्ही हातांनी कठडा पकडायचा आणि मग नजर खाली आणायची. हात कठडा खाली दाबतात, कठडा हातांना वर रेटतो आणि धड वर येतं. क्रियेला तेवढीच प्रतिक्रिया, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. तो नियम बोटांत उतरल्यासारखा मला वाटला तो या कठड्यावर.

एकट्यानंही हा गेम खेळता येतो, आणि पूर्णही होतो. पण मित्र आले की त्याचा नूरच पालटतो, कारण हात जसा भिंतीला चिकटतो तसा मित्रालाही चिकटतो. मित्राचा हात धरता येतो, पाय धरता येतो, डोकंसुद्धा. वर चढलेल्यानं खालच्याला ओढून घ्यायचं ठरवलं आणि त्याचेच पाय कडेवर असले, तर दोघंही खाली जातात. त्या रात्री काकू आल्या तेव्हा नेमकं तेच चाललं होतं.

एक प्रसंग सविस्तर सांगते. मधे दरी होती आणि आमच्याकडे एकच लांब फळी. फळी पलीकडे टेकत नव्हती, पुढचं टोक हवेत अधांतरी राहत होतं. आधार सोडून बाहेर गेलेल्या भागाचं पारडं जड झालं की फळी कलंडणारच, हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. मग ठरलं असं की दोघांनी मागच्या भागावर उभं राहायचं, तिसऱ्यानं पुढे चालत जाऊन पलीकडे उडी मारायची. शाहूपुरीतला मित्र निघाला. तो जसजसा पुढे सरकेल तसतसा त्याच्या वजनाचा फळी कलंडवण्याचा जोर वाढत जातो, म्हणून मागच्यांनी आणखी मागे सरायला हवं. आम्ही ते विसरलो. फळी उठली आणि आम्ही दोघं त्याच्या मागोमाग दरीत.

दुसऱ्या वेळी पुण्याचा म्हणाला, ‘एक काम करा, तो पाऊल टाकेल तेव्हा मोठ्यानं सांगू दे.’ मग ‘टाकलं!’ म्हटलं की आम्ही एक पाऊल मागे. ‘टाकलं!’ आणखी एक. सातव्या-आठव्या पावलाला तो पलीकडे उडाला, कडेला चिकटला आणि लोंबकळत राहिला. आम्ही तिघं एकदम ओरडलो, ‘खाली बघ लेका, खाली!’ त्यानं नजर खाली आणली आणि तो वर आला.

आम्ही चौघं एकाच कॉलेजातले. रोज संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर बसणारे. नंतर नोकऱ्या, लग्नं, मुलं. फोनवर बोलणं व्हायचं, पण ते ‘काय चाललंय’, ‘बरं चाललंय’ एवढ्यावर संपायचं. या गेममध्ये ‘बरं चाललंय’ म्हणून भागत नाही. कुठे उभा आहेस, कशाला धरलंयस, कधी सोडणार आहेस, सगळं सांगावं लागतं. तासभर असं बोलून झालं की गेम बाजूला राहतो आणि माणूस आपसूक खरं बोलायला लागतो. पुण्याच्या मित्राची नोकरी गेली होती. आम्हाला ते महिनाभर माहीत नव्हतं. आमचे तिघांचे पांढरे बाहुले एका बोटीत बसून त्याच्या बाहुल्याची वाट बघत होते, तेव्हा त्यानं ते सांगितलं. त्यानंतर बराच वेळ आम्ही बोट हलवली नाही.

गेमच्या एका टप्प्यावर, किल्ल्याच्या पातळीवर, दगड फेकायचं मोठं यंत्र आहे, कॅटापल्ट. त्यात दगडाऐवजी मित्राला बसवता येतं. आम्ही ते किती वेळा केलं याची मोजदाद नाही.

आता आबांविषयी. आबा म्हणजे शाहूपुरीतल्या मित्राचे वडील. जोतिबाच्या चैत्र यात्रेत त्यांच्या गावची सासनकाठी त्यांनी कितीतरी वर्षं पेलली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. सासनकाठी म्हणजे सजवलेला उंचच्या उंच बांबू. एक जण तो अंगावर पेलतो आणि बाकीचे चारी बाजूंनी दोर ताणून त्याला उभा ठेवतात. गुलाल-खोबऱ्याची उधळण चालू असते, पायाखाली चढ असतो, गर्दी असते आणि काठी नाचत पुढे जाते. गुडघे दुखायला लागल्यापासून आबांचं वाडी रत्नागिरीला, जोतिबाच्या डोंगरावर, जाणं थांबलं होतं आणि त्यांचं बोलणंही कमी झालं होतं.

एका रविवारी मित्राकडे आम्ही फळीचाच खेळ करत होतो. आबा मागे खुर्चीत होते. अचानक म्हणाले, ‘पोरी, मागचं दोघं एकाच अंगाला हुभं हाईत. काठी कलंडनार.’ ते फळीला काठीच म्हणाले. आणि फळी खरोखर त्याच अंगाला फिरली.

मग ते सांगत गेले. दोराला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून सगळे दोर एका बाजूला आले की संपलं, चारी अंगांना माणूस हवा. दोर बांबूवर उंच बांधलेले असतात, त्यामुळे थोडक्या ओढीनंही काठी सावरते. पण वेळ चुकली तर दहा माणसांचा जोर लावूनही नाही सावरत. आणि पेलणारा वर बघत नाही. तो दोरवाल्यांचे आवाज ऐकतो. बलाचं आघूर्ण, म्हणजे त्याचा फिरवण्याचा जोर, आणि त्याची भुजा, म्हणजे आधारापासूनचं अंतर, हा धडा मी इतकी वर्षं दाराच्या बिजागरीचं उदाहरण देऊन शिकवत होते. यंदा वर्गात मी सासनकाठीनं सुरुवात केली. पोरं पुढे सरकून बसली. निम्म्या वर्गाचं कुणी ना कुणी काठीबरोबर जाऊन आलेलं होतं.

त्याच संध्याकाळी मित्रानं आबांच्या हातात कंट्रोलर दिला. एकाच पडद्यावर दोघांनी खेळायचं तर तो मधोमध दुभंगतो, अर्धा एकाचा, अर्धा दुसऱ्याचा. डावा अर्धा आबांचा, उजवा माझा. पहिला अर्धा तास त्यांचा माणूस भिंतीला तोंड लावूनच उभा होता. ते चिडले नाहीत. दोन्ही बोटं दाबायची आणि सोडायची, एवढंच करत राहिले. मग त्यांनी एक खोका पकडला, मी त्याची दुसरी बाजू पकडली. ‘आता?’ त्यांनी विचारलं. ‘तुम्ही सांगा आबा,’ मी म्हटलं. आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. थांब. घे. सैल सोड. आता ताण. आवाज त्या खोलीपुरता नव्हता, डोंगराच्या पायऱ्यांवरचा होता. आतून त्यांची सून दारात येऊन उभी राहिली.

खोका बटणावर बसला, दार उघडलं. दाराच्या पलीकडे जमीनच नव्हती, नुसते ढग. या गेममध्ये कुठूनही पडलं तरी माणूस पुन्हा आकाशातून अलगद येतो, आणि पुढच्या पातळीवर जायची वाटसुद्धा खाली पडण्याचीच असते. आबांनी कडेवर येऊन माझ्याकडे पाहिलं.

‘हितनं खाली?’

‘होय आबा. रस्ता तिकडूनच आहे.’

त्यांनी माझ्या बाहुल्याचा हात धरला. पकड लागली की नाही ते दोनदा तपासलं. मग ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं!’ म्हणाले आणि आम्ही दोघांनी उडी टाकली.