रमाबाई, पण कोणत्या?

मंडळी, गोपाळराव म्हटलं की आपण लगेच विचारतो, कोणते? आगरकर, गोखले, की लोकहितवादी देशमुख? नाव एकच, तिघेही एकोणिसाव्या शतकातल्या सुधारणेच्या चळवळीतले. पण आडनाव आलं की प्रश्न मिटतो. आगरकरांचं लेखन कुणी गोखल्यांच्या नावावर घालत नाही. बायकांच्या बाबतीत मात्र आपण पहिल्या नावावरच थांबतो आणि एकीचं आयुष्य दुसरीच्या खात्यावर जमा करतो. ‘सेवासदनच्या पंडिता रमाबाई’ हे मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या भाषणात ऐकलंय. सेवासदन ही बायकांच्या शिक्षणाची संस्था, पण ती रमाबाई रानड्यांची. मला ते फार लागतं.

रमाबाई हे नाव आपल्याकडे जुनंच. थोरल्या माधवराव पेशव्यांबरोबर १७७२ साली थेऊरला सती गेल्या त्या रमाबाई, आणि सवाई माधवरावांच्या पत्नीही रमाबाईच. पण खरा घोटाळा होतो तो पुढच्या शतकात, कारण तिथे दोन रमाबाई एकाच गावात, एकाच सभेत बसलेल्या आहेत.

साल १८८२, गाव पुणे. पंडिता रमाबाई बंगालमधून आल्या आहेत. वय चोवीस, नवरा नुकताच गेलेला, कडेवर मनोरमा. मूळच्या डोंगरे. वडील अनंतशास्त्र्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईकडून लेक शिकली. पुढे दुष्काळात आईवडील आणि बहीण दगावली. भावाबरोबर पायपीट करत ही मुलगी कलकत्त्याला पोचली आणि १८७८ साली तिथल्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ ठरवलं. म्हणजे ‘पंडिता’ हा शब्द शोभेचा नाही, तो परीक्षा देऊन मिळवलेला आहे. पुण्यात येताच त्यांनी आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी बायकांसाठी बायकाच डॉक्टर हव्यात, असं ठणकावून सांगितलं.

त्या समाजाच्या सभांना येणाऱ्यांत विशीच्या आसपासची एक सून होती, न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी रमाबाई. तिला नवऱ्याने लिहायला-वाचायला शिकवलेलं, आणि त्यापायी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी ती रोज खात होती. सभेला जायचं म्हटलं की घरात धुसफूस. ते दिवस त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलेत. एक रमाबाई व्याख्यान देतेय आणि दुसरी घरचा राग पत्करून समोर बसलीय, ही १८८२ सालची गोष्ट आपण मुलांना का सांगत नाही?

पुढे वाटा वेगळ्या झाल्या. पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा काढली. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. १८९३ साली सदनातल्या मुलींच्या धर्मांतराच्या वादातून न्यायमूर्ती रानडे आणि संस्कृतचे पंडित रा. गो. भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पंडिता रमाबाईंचं पुढचं मोठं काम केडगावचं, निराधार बायका-मुलांना आसरा देणाऱ्या मुक्ती मिशनचं. रमाबाई रानड्यांचं काम पुण्यातल्या सेवासदनचं, १९०९ पासूनचं. रानडे १९०१ मध्येच गेले होते. दोन संस्था, दोन दृष्टी, दोन बायका.

आता हे नाव आलं कुठून, तेही बघा. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. ‘रमा’ हे नाव सासरचं. कल्याणची आणखी एक यमुना लग्नानंतर आनंदीबाई झाली, तीच १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी घेणारी आनंदीबाई जोशी. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं, त्याही आनंदीबाई झाल्या. शिवाय राघोबादादांच्या आनंदीबाई आहेतच. माहेरचं नाव लग्नात पुसलं जायचं, वर तीच ती आवडती नावं ठेवली जायची. म्हणून या नामसाम्याला मी निव्वळ योगायोग म्हणत नाही. पंडिता रमाबाईंचं नाव तेवढं माहेरचं टिकलं.

आणि महाराष्ट्रातल्या लाखो घरांत ‘रमाबाई’ म्हटलं की या दोघींपैकी कुणीच आठवत नाही, आठवते ती रमाई. दापोलीजवळच्या वणंदची, १८९८ साली जन्मलेली, बाबासाहेब परदेशात शिकत असताना हाल सोसून संसार ओढणारी, चार लेकरांचे मृत्यू पाहिलेली, १९३५ साली गेलेली. बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ तिच्या स्मृतीला अर्पण केला. तिथे त्यांनी रमाबाई लिहिलेलं नाही, ‘रामू’ लिहिलंय. त्या अर्पणपत्रिकेत तिच्या मनाचा चांगुलपणा आहे, शील आहे, आणि आपल्याबरोबर सोसायची तिची तयारीही आहे. चार ओळींत एका माणसाची ओळख कशी करून द्यावी, हे पाहायचं असेल तर ती अर्पणपत्रिका जरूर वाचा.

तेव्हा उद्या शाळेत फलक लिहिताना, भाषणाची टिपणं काढताना, एवढं करा: पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे, रमाबाई आंबेडकर असं पूर्ण लिहा, आणि तसबीर लावण्याआधी ती नेमकी कुणाची आहे ते ताडून बघा.